शब्दचर्चा : ‘रिलीज बाइंडिंग’ला मराठीत काय म्हणावं? सुटणं, सोडणं की निसटणं?

आखूड स्की (बर्फावरून घसरायला बुटांखाली लावायच्या पट्ट्या) घेणाऱ्यांसाठीच्या एका माहितीपुस्तिकेचं मराठी करते आहे. बाकी मजकूर सरळ आहे, पण ‘रिलीज बाइंडिंग’पाशी घोडं अडलं. पहिल्या खर्ड्यात मी बेधडक लिहून टाकलं होतं, ‘पडताना बूट या बांधणीतून निसटतो.’ मुद्रितं तपासणाऱ्या सहकाऱ्याने समासात पेन्सिलीने शेरा मारला, ‘निसटतो? मग असली बांधणी घ्यायचीच कशाला?’ हसू आलं, पण त्याचं बरोबर आहे.

वस्तू काय आहे ते आधी सांगते. स्कीचा बूट प्लास्टिकचा, टणक, नडगीवर वरपर्यंत येणारा. तो स्कीवर धरून ठेवायला दोन भाग असतात, एक चवड्यापुढे आणि एक टाचेमागे. दोन्हींत स्प्रिंग. पाय ठरावीक जोरापलीकडे पिळला गेला की पुढचा भाग बाजूला वळतो आणि बूट मोकळा होतो. माणूस पुढे कोसळला की मागचा भाग वर उघडून टाच मोकळी करतो. लांब स्कीवर हे असतंच. मीटरभर किंवा त्याहून आखूड स्कीवर मात्र पुष्कळदा साधी सोय असते: पुढे कडी, मागे कळ, बूट घट्ट. तुम्ही पडा, लोळा, ती काही उघडत नाही. पुस्तिकेचा सगळा भर या फरकावर आहे, म्हणून शब्द नेमका हवा. ‘बाइंडिंग’, ‘रिलीज’ आणि ‘शॉर्ट’, तिन्हींना सुचवा.

प्रतिसाद :

‘बांधणी’ आधी काढून टाका. बांधणी पुस्तकाची होते, पक्षाची होते, साडीची असते. तिन्हींत एकदा बांधलं की काम झालं, सुटणं हा दोषच. तुमच्या वस्तूचा तर गुणच सुटण्यात आहे. आणि नुसतं ‘बाइंडिंग’ लिहिलंत तर निम्मे वाचक वहीला खाकी कव्हर घालायला निघतील. मी ‘पकड’ म्हणेन. पकड घट्ट असते, सैल होते, सुटते. तिन्ही क्रियापदं तिच्याशी मुळातच नांदतात. फक्त मुद्रितात ‘क’ला ‘क’ जोडला जाणार नाही एवढं बघा, नाहीतर ‘पक्कड’ होऊन हत्यारांच्या पेटीत जाईल.

दुसरा प्रतिसाद :

एवढा खटाटोप हवा का? स्की करणारा माणूस ‘रिलीज बाइंडिंग’च म्हणतो. दुकानात ‘सुटती पकड द्या’ म्हणाल तर समोरचा तुमच्याकडे बघत बसेल.

धागाकर्ती :

दुकानात म्हणू नयेच. पण पुस्तिका वाचणाऱ्याने अजून दुकान पाहिलेलं नाही. आणि ‘रिलीज’ म्हटलं की मराठी माणसाला पिक्चर आठवतो, त्याला मी काय करू?

तिसरा प्रतिसाद :

मी दोन्ही प्रकारांवर घसरलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या सहकाऱ्याने पेन्सिलीने नेमकं दुखऱ्या जागी टोचलंय. इंग्रजी एकाच शब्दाला तीन कामांना जुंपते, आपल्याकडे तिन्हींना वेगळी क्रियापदं आहेत.

दिवस संपला, खाली उतरलात, हातातल्या काठीचं टोक टाचेमागच्या कळीवर दाबलंत आणि पाय उचललात. इथे तुम्ही बूट सोडवलात. कर्ता तुम्ही.

पडलात. स्कीचं टोक जड, ओल्या बर्फात रुतलं, अंग पुढे गेलं, पाय तिथेच राहिला, गुडघा पिळायला लागला, आणि दुखायच्या आत खटकन आवाज होऊन बूट बाहेर. इथे बूट सुटला. कर्ता कुणी नाही, पण जे व्हायला हवं होतं तेच झालं.

आणि तिसरं. व्यवस्थित वळत चालला होतात, खडबडीत टणक बर्फावर स्की थरथरली आणि काही कारण नसताना एक बूट स्कीवरून मोकळा झाला. हे निसटणं. याला इंग्रजीत वेगळं ‘प्री-रिलीज’ म्हणावं लागतं. मराठीत ‘निसटणं’ म्हटलं की नको ते झालं हे आपोआप कळतं. ताटली हातातून निसटते, शब्द तोंडून निसटतो. कैदीसुद्धा निसटला तर पंचाईत आणि सुटला तर पेढे.

तेव्हा पुस्तिकेत पडतानाचा बूट ‘सुटतो’ असंच हवं. ‘निसटतो’ हा शब्द फेकून मात्र देऊ नका, कारण पकड किती जोराला सुटेल हे ठरवणारा तिच्यावरचा आकडा कमी लावला तर काय होतं हे सांगायला तोच लागणार आहे.

पुढचा प्रतिसाद :

यावरून ‘सुटी पकड’ असं कुणी सुचवायच्या आत सांगतो: सुटी म्हणजे वेगळी विकत मिळणारी, जसे सुटे भाग. किंवा शाळेची. ‘सुटणारी पकड’ बरी, पण तिच्यात ‘आज ना उद्या सुटणार’ अशी धमकी ऐकू येते. ‘सुटती पकड’ ऐका. धावती भेट, फिरता रंगमंच, वाहता रस्ता यांच्या जातीचा शब्द आहे, स्वभाव सांगतो. आणि विरुद्ध शब्द आयता मिळतो: ‘न सुटती’ जीभ अडखळवतं, म्हणून ‘जखड पकड’. जखडणं या क्रियापदात थोडी भीती आहे, ती इथे असू द्यावी.

धागाकर्ती :

‘सुटती’ आवडला. ‘जखड पकड’ यमकासारखं वाजतंय, मी ‘पक्की पकड’ लिहिणार होते.

त्यावर :

‘पक्की’ नको! ग्राहक कौतुक समजून तीच घेईल. पक्कं हे मराठीत नेहमी चांगलंच असतं.

धागाकर्ती :

मान्य. आता एक शंका. जखड पकड धोक्याची, तर ती आखूड स्कीवर चालवून का घेतात?

तिसऱ्या प्रतिसादातले गृहस्थ :

पाना आठवा. लांब पान्याने घट्ट बसलेला नट हलतो, आखूड पान्याला तेवढा जोर येत नाही. लांब स्की म्हणजे तुमच्या गुडघ्याला लावलेला लांब पाना. टोक अडकलं की सगळी पिळवट वर चढते. ९० सेंटीमीटरची स्की हा आखूड पाना, म्हणून बनवणाऱ्यांनी ठरवलं की सुटायची गरज नाही. गुडघ्यापुरतं ते पुष्कळसं खरंही आहे. पण नडगीचा हिशोब वेगळा. बूट टणक असतो, त्याच्या वरच्या काठाशी हाड वाकतं, आणि स्की पायाला तशीच चिकटून राहिली की ते हाड मोडतं. जखड पकडीच्या आखूड स्कीवर गुडघे मुरगळण्यापेक्षा नडगीची मोड जास्त दिसते, ती यामुळे. सुटत्या पकडीचा मूळ शोधही मोडक्या पायातूनच लागलाय. जन्माने नॉर्वेजियन असलेले ह्यालमार ह्वाम अमेरिकेत १९३७ साली पाय मोडून पडले होते, तेव्हा त्यांना ही युक्ती सुचली.

तुमच्या पुस्तिकेत आणखी एक शब्द अडवेल, तो म्हणजे ‘डिन’. हे जर्मनीतल्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नावाचं लघुरूप, पण लोक आकड्यालाच डिन म्हणतात: ‘तुझा डिन किती?’ पकडीच्या पुढच्या आणि मागच्या भागावर लहानशी खिडकी असते, तिच्यात हा आकडा दिसतो. स्क्रू फिरवला की तो वरखाली होतो. आकडा मोठा तर सुटायला जोर जास्त. नवशिके मोठा आकडा मिरवतात, हे वजनकाट्यावर जास्त भरल्याबद्दल पेढे वाटण्यासारखं आहे.

एक प्रतिसाद :

‘सुटांक’ करा की. गुणांक, क्रमांक, तसा सुटांक.

आणखी एक :

सुटांक ऐकून मला छटाक आठवलं. अर्धा पावशेर सुटांक द्या.

धागाकर्ती :

छटाक आठवलं तरी चालेल, आकडाच आहे. तो ठरवायचा तक्ता असतो ना, त्यात काय काय बघतात?

तेच गृहस्थ :

वजन, उंची, वय, घसरायची पद्धत (जपून की दामटून), आणि बुटाच्या तळाची लांबी. वय ५० किंवा पुढे असेल, किंवा १० च्या आत, तर आकडा एक पायरी खाली. तळ लांब असेल तरी आकडा कमी होतो. गंमत म्हणजे स्कीची लांबी या तक्त्यात कुठेच नाही. ‘माझी स्की आखूड आहे, मग सुटांक कमी ठेवू ना?’ हा प्रश्न हमखास येतो. हाड तुमचं तेच आहे, ते स्कीला विचारत नाही. लावायचं काम मात्र तपासणी यंत्र असलेल्या कारागिराचं, घरी पेचकस घेऊन बसू नये, हे ठळक अक्षरांत छापा.

‘बुटाच्या तळाची लांबी’ला ‘बुटाचं माप’ लिहू नका बरं. मी स्वतः एकदा यात फसलो. स्कीच्या दुकानातल्या अर्जात बुटाचं माप विचारलं होतं, मी २६.५ लिहिलं. ते पायाचं माप, सेंटीमीटरमध्ये. त्यांना हवं होतं ते मिलिमीटरमध्ये, बुटाच्या टाचेच्या बाजूला प्लास्टिकमध्येच उठवलेलं, माझ्या बुटावर ३०५. कारागिराने पकड पुढेमागे सरकवून बघितली, बूट बसेना, शेवटी त्याने बूट उलटा करून मला आकडा दाखवला. ‘तळलांबी’ म्हणा.

धागाकर्ती :

तळलांबी घेतला. आता ‘शॉर्ट’. छोटी, लहान, आखूड, तोकडी?

प्रतिसाद :

तोकडी म्हणजे पुरत नाही ती. विकणाऱ्याला राग येईल. छोटी म्हटलं तर लहान मुलांची वाटते. बाही, काठी, दोरी जशी आखूड, तशी स्की. रुंदीला तर या बऱ्याचदा लांब स्कीपेक्षा ऐसपैस असतात, तेव्हा ‘छोटी’ खोटंच ठरेल. ‘स्नोब्लेड’ टाळा, ते एका कंपनीच्या मालाचं नाव होतं, पुढे सगळ्यांनाच चिकटलं. आपल्याकडे झेरॉक्सचं झालं तसं.

तिसऱ्या प्रतिसादातले गृहस्थ :

आखूड म्हटलं की पुढचं येणारच: ग्राहकाला आखूडशिंगी बहुदुधी हवी असते. आखूड हवी, रुंद हवी, हलकी हवी आणि वर सुटती पकड. ही पकड वजनाला काही हलकी नसते, आणि बूट जरा उंचावर बसतो. ९० सेंटीमीटरच्या स्कीचा तिसरा हिस्सा तर ३०५ मिलिमीटरचा बूटच खातो, शिवाय चवड्याचा आणि टाचेचा भाग. तेवढी स्की मोकळेपणाने वाकत नाही. तरी मी घेतो, कारण नडगी दुसरी मिळत नाही.

दोन शब्द राहिले. काही आखूड स्कींना कारखान्यातूनच जखड पकडीसाठी भोकं पाडलेली असतात. सुटती बसवायची तर मध्ये एक पट्टी लागते. तिला ‘बैठक’ म्हणा, यंत्रशाळेत तोच शब्द आहे. आणि ब्रेक. बूट सुटला की पकडीखालचे दोन तारेचे पाय खाली येऊन बर्फात रुततात, म्हणजे स्की एकटी उतारावर पळत नाही. (जखड पकडीला ब्रेक नसतो, म्हणून पायाला दोरी.) या पायांमधलं अंतर स्कीच्या कंबरेपेक्षा, म्हणजे मधल्या रुंदीपेक्षा, थोडं जास्त हवं. कंबर १०० मिलिमीटर आणि ब्रेक ९० चा, तर तो खाली येणारच नाही. आखूड स्की रुंद असल्यामुळे इथेच लोक चुकतात.

धागाकर्ती :

सगळ्यांचे आभार. पुस्तिकेतला परिच्छेद असा झाला:

‘आखूड स्की घेताना आधी पकड पाहा. जखड पकडीत बूट पडतानाही अडकून राहतो. सुटत्या पकडीत तो ठरावीक जोराला सुटतो. हा जोर सुटांकाने ठरतो: सुटांक फार कमी असेल तर बूट घसरताना मध्येच निसटेल, फार जास्त असेल तर पडतानाही सुटणार नाही. तळलांबी बुटाच्या टाचेजवळ पाहून कारागिराला सांगा. थांबल्यावर बूट सोडवायला काठीने टाचेची कळ दाबा.’

सहकाऱ्याने वाचला. ‘निसटेल’वर पेन्सिल थांबली, पुढे गेली. मग पुढच्या परिच्छेदातल्या ‘दोन स्की’ला गोल करून बाजूला लिहिलं, ‘टोपी–टोप्या, तर स्की–स्क्या का नाही?’

शेवटचा प्रतिसाद :

नवा धागा काढा.