नर 'व्याला' म्हणता येईल का?

कागदीबाण: मुलांसाठी समुद्रघोड्यावर दोन पानं लिहितेय. 'नर समुद्रघोडा व्याला' असं लिहून गेले आणि मग त्या वाक्याकडे बघतच बसले. प्रकार असा, की मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत सोडते. तिथेच ती फळतात, तिथेच वाढतात. दोनेक आठवड्यांनी, काही जातींत महिनाभराने, नर अंग आक्रसून आक्रसून पिल्लं बाहेर टाकतो, मोठ्या जातींत तर शेकड्यांनी. 'जन्म दिला' लिहिलं की वर्तमानपत्री वाटतं आणि 'प्रसवला' मुलांना कळणार नाही. काय करू?

गोठ्यातला: आमच्या कानाला 'व्याला' फारच विचित्र लागतं. गाय व्याली, म्हैस व्याली, शेळी व्याली, फार तर कुत्री व्याली. त्या क्रियापदाला नर कधी भेटलाच नाही. बाईमाणसाबद्दलसुद्धा कुणी म्हणत नाही, ती बाळंत होते. तिला 'व्याली' म्हटलं की शिवीच. 'दुसऱ्या वेताची म्हैस' यातलं वेत याच घरातलं.

टिपकागद: कानाला विचित्र, पण व्याकरणाला नाही. भिणे-भ्याला, लेणे-ल्याला, तसं विणे-व्याला. साचा तयार आहे, वापरायची वेळ आली नव्हती इतकंच. समुद्रघोड्याने वेळ आणली.

खरी अडचण 'गाभण'ची आहे. तो शब्द मुळात गर्भिणी, म्हणजे बाईपण त्याच्या पोटातच. 'गाभण नर' लिहू नका, 'पिशवी भरलेला नर' लिहा.

(मुलांसाठी आहे म्हणून सांगतो, 'विणारी' आणि 'विणणारी' यांत एका णचा फरक आहे. मुद्रितशोधनात जपा, नाहीतर म्हैस स्वेटर घेऊन बसेल.)

उंबरठा: मला यात दचकण्यासारखं काहीच दिसत नाही. 'अजगर अंड्यांना वेटोळं घालून बसतो' हे आपण बिनदिक्कत लिहितो. बसलेली असते ती मादी. अंगाचे स्नायू थरथरवून ती अंड्यांना ऊब देते, आणि भाषेत मात्र तो बसतो. 'नाग अंडी घालतो' हेही तसंच. उलट मगर कायम ती. पिल्लं तोंडात धरून पाण्यापर्यंत नेते ती मगर, आणि नर असला तरी मगरच.

टिपकागद: तिथे लिंग शब्दाचं आहे, प्राण्याचं नाही. अजगर मादी असली तरी तो अजगरच. इथे नर खरोखर नर आहे आणि काम आजवर बाईचं मानलेलं. दचका तिथला आहे.

उंबरठा: मान्य. मग घोणशीचं काय? ती अंडी घालत नाही, अंडी पोटातच उबतात आणि एकदम २०-४० जिवंत पिल्लं बाहेर येतात. 'घोणस व्याली' म्हणायचं? मी 'घोणशीने पिल्लं घातली' असंच ऐकलंय. म्हणजे 'घालणे' अंड्यांनाही चालतं, पिल्लांनाही चालतं, आणि त्याला नर-मादीचं वावडं नाही.

पुस्तकी नाव हवं तर अशांना अंडजरायुज म्हणतात. निव्वळ जरायुज म्हणू नये, कारण जरायु म्हणजे वार, आणि घोणशीची पिल्लं वाढतात ती अंड्यातल्या बलकावर.

गोठ्यातला: वारेलाच आम्ही जार म्हणतो. म्हैस व्याली तरी जार पडेपर्यंत माणूस गोठ्यातून हलत नाही. जुन्या ग्रंथांतल्या चार खाणी, अंडज, जारज, स्वेदज, उद्भिज, त्यातला जारज तोच ना?

टिपकागद: तोच. पण आजच्या वाचकाला जारज म्हटलं की जारकर्मातून झालेली संतती आठवते, दोन वेगळे 'जार' एका वेशात. मुलांच्या पानावर तो शब्द आणूच नका, पालकांचे फोन येतील.

कागदीबाण: 😄 नाही आणत. 'उबवणे'पण काढलं. समुद्रघोडा थंड रक्ताचा, पाणी असेल तेवढीच त्याची ऊब. पिशवी अंड्यांना प्राणवायू पुरवते, आतल्या क्षारांचं प्रमाण सांभाळते, पण उबवत नाही. 'सांभाळतो' लिहिलंय.

पिल्लाला मात्र 'पिल्लू'च ठेवलं. गाईचं वासरू, म्हशीचं पारडू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, हरणाचं पाडस, एवढी नावं ठेवणाऱ्या भाषेत समुद्रघोड्याचं शिंगरू करायचा मोह झाला होता.

उंबरठा: करा की! माझं मत शिंगराला.

कागदीबाण: आज भाचीला वाचून दाखवलं. 'व्याला'वर ती अडखळलीसुद्धा नाही. तिचा प्रश्न वेगळाच: "मग त्याला पान्हा फुटतो का?" नाही म्हटलं. पिल्लं बाहेर पडली की त्याचं काम संपलं, ती आपापली पाण्याबरोबर जातात. तिला काही ते आवडलं नाही.

टिपकागद: तिला कबुतर सांगा. पिल्लांसाठी कबुतराच्या गळ्यातल्या पिशवीत दाट, दह्याच्या चोथ्यासारखा स्राव तयार होतो आणि तो नर-मादी दोघांनाही होतो. त्याला दूधच म्हणतात.

गोठ्यातला: म्हणजे नर कबुतर पान्हावला?

टिपकागद: आता तुम्हीच म्हणालात.