मॉडेल रेल्वेचा चालता तयार डबा घ्यायचा की किट जोडायचं? माझं मत किटच, तुमचं बोला

टिळकवाडी_दुसरं_गेट

यंदा गणपतीत आमच्या बेळगावच्या घरच्या देखाव्यात मॉडेलची मालगाडी फिरत होती. येणारा प्रत्येकजण विचारायचा, "कुठून घेतली?" मी म्हणायचो, बनवली. मग गाडीकडं वाकून बघायचे आणि, "म्हणजे किट आणून जोडलं न्हवं?" त्या 'न्हवं'नं डोकं खाल्लंय, म्हणून हा धागा.

गाडी एचओ स्केलची, म्हणजे 1:87 (खरीच्या 87व्या हिश्शाएवढी), दोन रुळांत 16.5 मिमी अंतर. किटात काय असतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डब्याचं अंग, तळाचा सांगाडा, वजनाची पट्टी, दोन बोग्या (म्हणजे चाकं बसतात त्या खालच्या चौकटी), चार जोड चाकं, कपलर (डब्याला डबा अडकवायचा आकडा) आणि चार-पाच स्क्रू. अमेरिकेत ॲथर्न कंपनीची निळ्या पेटीतली किटं होती, त्यांना तिकडचे लोक चेष्टेनं म्हणायचे, पेटी हलवा, डबा तयार. हलवून होत नाही हो. मी सांगतो कुठं अडतं.

एका बोगीचा स्क्रू असा आवळायचा की बोगी वळेल पण डबा डोलणार नाही. दुसरीचा मुद्दाम सैल ठेवायचा. दोन्ही घट्ट केले की रूळ जरा वाकडा असला तरी एक चाक हवेत राहतं. चारपायी स्टूल फरशीवर डुगडुगतं, तिपाई डुगडुगत नाही, तसंच. मग वजन. अमेरिकन मॉडेलवाल्यांच्या संघटनेचा ठोकताळा आहे: आधी 1 औंस, वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. 6 इंचाचा डबा 4 औंस, म्हणजे साधारण 113 ग्रॅम. घरचा काटा इतकं बारीक दाखवत नाही, म्हणून डबा घेऊन शहापुरात सराफाकडं गेलो. त्यानं आधी डब्याकडं, मग माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मोडीत काढायचाय काय?"

तयार डबा घेणाऱ्याला यातलं काही कळत नाही. घसरला की पेटीत ठेवतो आणि विकणाऱ्याला शिव्या घालतो. माझं मत एवढंच.

दोन_पोरांचा_बाप

पटलं नाही. आठवड्यातनं एक रविवार मिळतो, त्यात अर्धा बाजारात जातो. उरलेल्या दोन तासांत पोरांना गाडी पळताना बघायची असते, मला पण. तुम्ही तेवढ्यात एक कपलर बसवणार, त्याची स्प्रिंग उडून कपाटाखाली जाणार, आणि सगळं घर जमिनीवर आडवं पडून ती शोधणार. खोटं असेल तर सांगा.

आणि किट स्वस्त पडतं हे कोण म्हणालं? बऱ्याच किटात चाकं प्लास्टिकची. ती घाण धरतात म्हणून धातूची वेगळी घ्यायची. कपलर बदलायचे, रंग, अक्षरांचे चिकटवायचे डेकल, गोंद. बेरीज करून बघा, तयार डब्याच्या जवळ जाते. त्यात माल बाहेरचा. खेळण्यांवरची बेसिक कस्टम ड्युटी 2020ला 20 टक्क्यांवरून 60 झाली, 2023ला 70. स्केल मॉडेलं त्याच खात्यात मोडतात. कस्टमवाल्याला तुमची तिपाई कुठं कळते?

पॅटर्नवाला

दोघेही विकत घेताय, मग भांडताय कशाला?

मी उद्यमबागेत फाउंड्रीसाठी पॅटर्न करतो, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना. पुतण्यानं किट आणलं तेव्हा उघडून बघितलं. माल चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण मला त्यात दुसऱ्याचीच मेहनत दिसली. कडेला ड्राफ्ट, म्हणजे थोडा उतार दिलाय साच्यातनं सुटायला. आतल्या बाजूला पिनांनी ढकलल्याच्या गोल खुणा. सांध्यावर फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेली पातळ कड. तुम्ही जे ब्लेडनं खरवडता आणि कौतुकानं सांगता, त्याला आमच्याकडं फेटलिंग म्हणतात. ते काम नवीन पोराला पहिल्या दिवशी देतात.

डोकं लागतं ते त्याच्या आधी. बिडाचा माल गार होताना आकसतो, मीटरला साधारण 10 मिमी, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. बनवलं म्हणायचं तर ड्रॉइंगपासून बनवा. पत्रा आणा, प्लास्टिकची शीट आणा, स्वतः कापा. नाहीतर 'जोडलं' म्हणा, त्यात काय लाज आहे?

खानापूरची_मास्तरीण

दादा, पॅटर्नसाठी लाकूड तुम्ही आमच्या खानापूरच्या जंगलातनं तोडून आणता काय?

पॅटर्नवाला

लाकूड विकत घेतो ताई. पॅटर्न विकत घेत नाही.

खानापूरची_मास्तरीण

बरं, ते झालं. पण माझा अनुभव वेगळा आहे. सातवीच्या पोरांना गुणोत्तर शिकवताना एक डबा वर्गात नेला होता. खरा डबा केवढा असेल ते 87 नं गुणून काढा म्हटलं. एरवी जांभया देणारी पोरं पट्टी घेऊन अंगावर आली. तयार डबा असता तर मी कुणाला हात लावू दिला नसता. किटाचा होता, पायरी मोडली तर मी चिकटवणार होते. एक मोडलीच. चिकटवली.

गोंदाचं मात्र बघा. पॉलिस्टायरीनला पातळ सॉल्व्हंटच पाहिजे, तो प्लास्टिक विरघळवून सांधा एकजीव करतो. झटपट चिकटणारा गोंद खिडकीच्या काचेजवळ लावला की पांढरट थर बसतो. आणि आपल्याकडच्या आषाढात स्प्रेचा रंग मारूच नका. हवेतली ओल रंगावर बसते, डबा राख फासल्यासारखा दिसतो. मी मारला, म्हणून सांगते.

लोंढा_मीटरगेज

तुमचं भांडण मजेशीर आहे, पण ज्या रुळांवर उभं राहून भांडताय तेच चुकलेत.

आपली ब्रॉडगेज 1676 मिमी. 87 नं भागा, 19.3 येतात. तुमचे रूळ 16.5. जवळजवळ 3 मिमी अरुंद! 16.5 वर आपली ब्रॉडगेज बरोबर दाखवायची तर स्केल 1:102च्या आसपास पाहिजे. म्हणजे किट असो की तयार, आपला डबा त्यावर ठेवला की अंगापेक्षा पाय बारीक दिसणार. चाकांचंही तेच. अमेरिकन किटात बहुतेक 33 इंची चाक असतं, 1:87 मध्ये 9.6 मिमी. आपल्या बॉक्सएन वाघिणीचं (मालगाडीचा उघडा डबा) नवं चाक 1000 मिमी, म्हणजे 11.5 यायला पाहिजे. बॉक्सएनचा रंग फासला म्हणून बॉक्सएन होत नाही.

माझं म्हणणं, बेळगावकरानं मीटरगेज करावी. मिरज-लोंढा नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच होती. 1000 मिमी भागिले 87, 11.5 येतात, आणि 12 मिमीचे रूळ त्याच स्केलसाठी मिळतात. अर्ध्या मिमीची चूक माफ. माझं बालपण लोंढ्याच्या क्वार्टर्समध्ये गेलं. रात्री गाडीला जादा इंजिन लागलं की उशीवर डोकं ठेवूनच कळायचं, ही कॅसलरॉककडं, खाली गोव्याला चालली. कॅसलरॉकच्या त्या घाटाचा चढ 37 ला 1. मांडणीवर मीटरला 27 मिमी. तेवढ्या चढावर वळणात हलका डबा मध्ये आणि जड मागं लावून बघा, हलका आत ओढून आडवा होतो. गेटकरांचं वजनाचं गणित तिथं खरं ठरतं, तेवढं त्यांचं मान्य.

दोन_पोरांचा_बाप

काका, 12 मिमीचे डबे आपल्या मीटरगेजचे कुठं मिळणार? तयारही नाहीत, किटही नाहीत.

पॅटर्नवाला

मग आता आलात माझ्या दारात.

टिळकवाडी_दुसरं_गेट

काकांचं गेजचं गणित मला खोडता येत नाही. चाकांचंही. खरं सांगायचं तर ते अंतर मला रोज दिसतं आणि मी समोरून फोटो काढत नाही, बाजूनंच काढतो.

पॅटर्नवाल्यांचं मात्र अर्धंच मान्य. फेटलिंग नवीन पोराचं काम असेल, पण किटानंच मला चुकायला शिकवलं. एका टँक वाघिणीत वजन म्हणून शिशाचे छर्रे भरले आणि वरून सुताराचा पांढरा गोंद ओतला. दोन वर्षांनी टाकी शिवणीवर उकलली, आत पांढरं पीठ. त्या गोंदात आम्ल सुटतं, शिसं गंजून फुगतं, हे मला तेव्हा कळलं. तयार डबा घेतला असता तर जन्मात कळलं नसतं.

खानापूरची_मास्तरीण

शिसं? घरात लहान पोरं असताना? हात तरी धुता काय?

टिळकवाडी_दुसरं_गेट

आता पितळेचे तुकडे भरतो, ताई.

पॅटर्नवाला

पितळच बरं. लोखंडाचे छर्रे कुणी सांगितले तरी भरू नका. रुळांखाली चुंबक बसवून कपलर सोडवायची पद्धत आहे म्हणे, पुतण्या सांगत होता. त्याच्या चाकांचे लोखंडी दांडेच तिकडं ओढले जातात, डबा आपोआप पुढं सरकतो. त्याला वाटलं घरात भूत आलंय.

आणि 11.5 मिमी चाकाचं ड्रॉइंग असेल तर आणा. लेथवर काढून बघू. फ्लँज, म्हणजे चाकाची बाहेर आलेली कड, किती ठेवायची ते आधी ठरवून या.

दोन_पोरांचा_बाप

एक राहिलंच. गणपतीत आम्ही तुमच्याकडं आलो होतो, गेटकर. आरतीच्या वेळी तुमची गाडी वळणावर घसरली, माझ्या धाकट्यानं उचलून ठेवली. तो डबा कसला होता? तयार?

टिळकवाडी_दुसरं_गेट

किटाचा. दोन्ही स्क्रू घट्ट होते.