सर्दीसाठी गावठी कोंबडीचे सूप कसे करावे, आणि नऊ महिन्यांच्या बाळाला काय द्यावे?

माहेरवाशीण (गुहागर):
नमस्कार. आमच्याकडे आठवडाभर पाऊस उघडलेला नाही आणि घरात एकामागून एक सगळ्यांना सर्दी झाली आहे. सासूबाई ७१ वर्षांच्या असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. यजमान लावणीमुळे दिवसभर चिखलात असतात आणि कालपासून त्यांच्या अंगात कसकस आहे. बाळाला नुकतेच नऊ महिने पूर्ण झाले. माझी आजी अशा वेळी गावठी कोंबडीचे पातळ सूप करत असे. ते पिताना नाक मोकळे होई आणि तोंडाला चव येई, एवढे मला आठवते, पण तिच्याकडून कृती लिहून घ्यायची राहून गेली. कोणी ती नीट सांगेल का? या सुपाने खरोखर काही फरक पडतो का, हेही जाणून घ्यायचे आहे. शेजारच्या काकूंनी बाळाला तुळशीच्या रसात मध घालून चाटवायला सांगितले आहे, त्याबद्दलही कृपया लिहावे.

चुलीपाशी (मालवण):
ताई, आमच्या घरी हे सूप आजही होते, म्हणून सविस्तर लिहिते. साधारण एक किलोची गावठी कोंबडी घ्यावी. मांसाचे चांगले तुकडे रश्श्यासाठी बाजूला काढले तरी चालतात, पण मान, पाठ, पंख आणि पाय सुपातच हवेत, कारण रसाला दाटपणा हाडांमुळे आणि पायांमुळे येतो. पाय विस्तवावर भाजून त्यांची साल आणि नखे काढून टाकावीत. सगळे दोन लिटर थंड पाण्यात घालून मंद आचेवर ठेवावे आणि वर येणारा फेस काढत राहावे. फेस निघाला की उभा चिरलेला एक कांदा, ठेचलेल्या आठ-दहा लसूणपाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, दहा-बारा मिरीदाणे, दोन लवंगा आणि चिमूटभर हळद घालावी. त्यानंतर दीड ते दोन तास रस नुसता हलत राहील एवढीच आच ठेवावी. खळखळून उकळल्यास तो गढूळ होतो आणि तवंग त्यातच मिसळून जातो. घाई असेल तर कुकरमध्ये पहिल्या शिटीनंतर बारीक आचेवर पंचवीस मिनिटे पुरतात, पण चवीत फरक राहतो. ब्रॉयलर कोंबडीला एवढा वेळ लागत नाही, मात्र तिचा रस पातळच होतो.

सुपात वाटप घालू नये. नारळाचे वाटप आणि मालवणी मसाला निरोग्या माणसासाठी आहे, आजाऱ्याच्या पोटाला ते जड जाते. मीठ शेवटी आणि प्रत्येकाच्या वाटीत वेगळे घालावे, म्हणजे सासूबाईंच्या वाटीत ते अगदी कमी ठेवता येईल. लिंबू खाली उतरवल्यावरच पिळावे. आमच्याकडे याबरोबर उकड्या तांदळाची पेज असते, आणि ज्याला घास गिळवत नाही त्यालाही ती घेता येते.

उरलेले सूप दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. पावसात आपल्याकडे वीज तासन्‌तास जाते, त्यामुळे मी एका दिवसाला पुरेल एवढेच करते.

पावसाच्या सुरुवातीला बांधावर मिळणाऱ्या कुर्ल्यांचे सारही सर्दीवर देतात. नांग्या ठेचून, पाणी गाळून ते चांगले उकळावे लागते. काही जण कच्चाच रस पाजतात, तो मात्र कधीही देऊ नये, कारण गोड्या पाण्यातल्या खेकड्यांमधून फुफ्फुसात शिरणारे कृमी माणसाच्या शरीरात येऊ शकतात.

निवृत्त परिचारिका (दापोली तालुका):
मी अनेक वर्षे ग्रामीण भागात नोकरी केली आहे, त्यामुळे पहिल्यांदा बाळाविषयी लिहिते. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मधाचे बोटसुद्धा चाटवू नका. मधात बोटुलिझमचे जिवाणू बीजरूपात असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि स्नायू लुळे पडतात. काकूंनी मायेनेच सांगितले असणार, तरीही हे टाळलेच पाहिजे. बाळाला अंगावरचे दूध वरचेवर पाजावे, नाक चोंदल्यास औषधाच्या दुकानात मिळणारे साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत आणि बिनमिठाच्या, बिनतिखटाच्या सुपात मऊ भात कालवून द्यावा. कापूर बाळाच्या नाकाशी किंवा छातीवर लावू नये, आणि खोकल्याचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नये. वाफही लहान मुलांना देऊ नका. माझ्या स्वतःच्या भाचीच्या मांडीवर वाफेचे पातेले कलंडले होते, आणि ती जखम भरायला दीड महिना लागला. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर लगेच दवाखाना गाठा.

सुपाने फरक पडतो का, याचे उत्तर मर्यादित अर्थाने होय असे आहे. सर्दी दोनशेहून अधिक प्रकारच्या विषाणूंमुळे होते आणि सूप त्यातला एकही मारत नाही. अँटिबायोटिकही मारत नाही, म्हणून ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. १९७८ साली अमेरिकेत १५ निरोगी व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात गरम पाणी आणि कोंबडीचे गरम सूप या दोन्हींमुळे नाकातला शेंबूड अधिक वेगाने सरकू लागला, मात्र अर्ध्या तासात वेग पूर्ववत झाला. २००० साली नेब्रास्का येथील संशोधकांना प्रयोगशाळेत असे दिसले की सुपामुळे दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते, पण तो प्रयोग रुग्णांवर केलेला नव्हता. माझ्या अनुभवात खरा लाभ असा की ज्याला काहीच नको असते तो माणूस ही एक वाटी घेतो, आणि त्याच्या पोटात पाणी, थोडे मीठ आणि थोडी प्रथिने जातात.

आपल्या यजमानांबद्दल मात्र मला काळजी वाटते. भातखाचरात काम करणाऱ्याला पावसाळ्यात आलेला ताप सर्दीचाच आहे असे गृहीत धरू नये. पायाला जखम किंवा भेग असेल तर उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि कोकणात तो दरवर्षी आढळतो. अंग तापणे, पोटऱ्या विलक्षण दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले तर काढ्यात एक दिवसही घालवू नका, आणि डॉक्टरांना शेतातल्या कामाचा उल्लेख आवर्जून करा. उपचार लवकर सुरू झाले तर हा आजार बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडावर जातो.

कुळीथ (देवगड):
शाकाहारी घरांसाठी थोडेसे जोडतो. भिजवलेले कुळीथ भरपूर पाण्यात शिजवून, वरचे कढण काढून त्याला लसूण, मिरी आणि तुपाची फोडणी द्यावी, आणि आंबटपणासाठी दोन आमसुले टाकावीत. गरम कढण घशाला फार बरे वाटते.

माहेरवाशीण (गुहागर):
आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. मधाची बाटली फडताळात वर ठेवून दिली आहे. काकूंना कारण समजावून सांगितले, तेव्हा त्यांनीही ऐकले. बाळाचा श्वास दोनदा मोजला, तो ३८ आणि ४० भरला. यजमानांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की दोन दिवसांपासून पोटऱ्या धरल्या आहेत, पण ते लावणीच्या श्रमाने होत असेल असे समजून ते बोलले नव्हते. त्यांच्या टाचेला भेगाही आहेत. दीर त्यांना घेऊन आत्ताच दवाखान्यात निघाले आहेत. सासूबाईंसाठी सूप चुलीवर ठेवले आहे, फेस काढून झाला आहे. तपासणीत काय निघाले ते संध्याकाळी लिहिते.