सरपंच ताई खाली सतरंजीवर, खुर्चीत दुसराच! काय करायचं?

प्रश्न: आमच्याकडे सरपंचपद एससी महिलेसाठी राखीव आहे, ताई निवडूनही आल्यात, पण ग्रामसभेत खुर्चीवर बसतो माजी सरपंच आणि ताई दाराजवळ सतरंजीवर, सहीपुरतं रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवतात. बघवत नाही. आरक्षण नुसतं कागदावरच का?

उत्तर १: कागदावर नाही हो, पंचायतीत एससी आणि महिलांना राखीव जागा देणारी १९९२ ची ७३वी घटनादुरुस्ती नसती तर ताईंना फॉर्मही भरू दिला नसता कोणी. पण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलंच होतं ना, की राजकारणात समता येईल पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमताच राहील, ती तुमच्या सतरंजीवर दिसतेय.

उत्तर २: ते खरंय पण ताईंनी आत्ता काय करायचं ते सांगा की. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ला दुरुस्ती झालीय, एससी-एसटी सरपंचाला किंवा सदस्याला काम करण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे. तारखेसकट सगळं लिहून ठेवा. आणि तक्रार द्यायची की नाही ते ताईंना ठरवू द्या, गावात राहायचं त्यांना आहे.

प्रश्नकर्ती: ताईंशी बोलले. आधी खुर्ची मागणार म्हणाल्या, पुढच्या ग्रामसभेला आम्ही सहाजणी सोबत जातोय.