शोधताना स्पेलिंग बदलून बघा

परदेशात राहून मराठी पुस्तकं मोफत आणि कायदेशीरपणे कुठे वाचायची, असा प्रश्न बरेचदा येतो, आणि उत्तरात लिबी या वाचनालयाची ई-पुस्तकं उसनी देणाऱ्या अ‍ॅपचं नाव सुचवलं जातं. इंग्रजीसाठी ते उत्तमच, स्थानिक वाचनालयाचं कार्ड असलं की झालं. माझी भर जुन्या मराठी पुस्तकांबद्दल.

इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'ची स्कॅन केलेली मराठी पुस्तकं भरपूर आहेत. ती देवनागरीत शोधून बरेचदा सापडत नाहीत, कारण नावं रोमन लिपीत आणि वाटेल तशी लिहिलेली असतात. जुने कादंबरीकार ह. ना. आपटे शोधताना 'Apte' लिहून बघा, 'Apate' लिहून बघा, मग भाषा मराठी निवडा. चिकाटी लागते, पण शंभर वर्षांपूर्वीचं पान समोर उघडलं की फार आनंद होतो!

ही पानं म्हणजे फोटोच, त्यामुळे लहान ई-रीडरवर डोळे दुखतात, टॅब्लेट बरा. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयातली पुस्तकं मात्र ईपब (ई-रीडरवर चालणारी फाइल) करून उतरवता येतात, अक्षरही मोठं होतं. नव्या लेखकांसाठी मोफत मराठी ई-पुस्तकं देणारं ई साहित्य प्रतिष्ठान जरूर बघा.

भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी प्रताधिकार (कॉपीराइट) संपतो. ह. ना. आपटे १९१९ साली गेले, तेव्हा त्यांचं लेखन बिनधास्त वाचा. हयात लेखकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफ मात्र कृपया घेऊ नका.