ग्वाल्हेर: हजिरा भागातल्या कबरी, लष्कर भागातल्या छत्र्या – नेमकं कोण कुठे?

शंकासुर:
गाण्याच्या वर्गातली बारा मुलं घेऊन एक दिवस ग्वाल्हेरला येतोय. तानसेन, महंमद घौस, लक्ष्मीबाई आणि शिंद्यांच्या छत्र्या बघायच्या आहेत. यांत खऱ्या कबरी कोणत्या आणि नुसती स्मारकं कोणती? शिवाय झिजलेली कोरीव अक्षरं फोटोत कशी आणायची? खडू भरून काढतात म्हणे.

हजिरावाला:
आधी घुमटाचा घोळ मिटवतो. हजिऱ्यातल्या आवाराच्या फाटकातून शिरल्यावर समोर जी भव्य इमारत दिसते ती तानसेनाची नाही, महंमद घौस या शत्तारी पंथाच्या सूफींची. मृत्यू १५६३ चा. बाजू साधारण १०० फूट, चारी कोपऱ्यांना षट्कोनी बुरूज, आतली खोली ४३ फूट चौरस, भिंती साडेपाच फूट जाड. भोवतीच्या व्हरांड्याला दगडी जाळ्या आहेत. त्या चारशे वर्षं टिकल्या त्याचं मोठं श्रेय छज्ज्याचं, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या दगडी पागोळीचं. तो इतका पुढे आलाय की पावसाचा मारा जाळीवर थेट बसत नाही. मुलांना जाळीआधी छज्जा दाखवा, त्याखालचे लांब दगडी आधार दाखवा.

तानसेन त्याच आवारात, जवळच. खांबांवर उभी, चहूबाजूंनी उघडी, ठेंगणी वास्तू. अकबराचा इतिहासकार अबुल फजल याच्या नोंदीवरून मृत्यू १५८९ चा धरतात. शेजारची चिंच मूळची नाही, नंतर लावलेली आहे. पाला चघळला की गळा सुधारतो म्हणून लोक ओरबाडतात. मुलांना आधीच दटावून ठेवा.

आवारात इतरही कबरी आहेत. माथ्यावर मधोमध लांबट उंचवटा असेल तर ते कलमदान, म्हणजे कबर पुरुषाची. सपाट पाटी असेल तर बाईची. कबर उत्तर-दक्षिण, डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेला. आणि वर दिसतो तो शवपेटीच्या आकाराचा दगड नुसती खूण असते. दफन त्याच्या खाली, जमिनीत.

लष्करकर:
छत्रीत दफन नसतं. दहनाच्या जागी किंवा आठवणीसाठी बांधलेली वास्तू ती. आत बहुधा शिवलिंग आणि मूर्ती. लष्कर भागातल्या छत्रीबद्दल नेटवर एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चिकटवलं जातंय: ‘१८१७ साली जयाजीरावांच्या स्मरणार्थ बांधली.’ अहो, जयाजीराव गादीवर आले १८४३ ला आणि गेले १८८६ ला. १८१७ ला गादीवर दौलतराव होते, आणि तेही १८२७ पर्यंत हयात! गाइडने हेच ऐकवलं तर मुलांकडून वजाबाकी करून घ्या.

सगळे शिंदे इथेच भेटतील असंही नाही. महादजींची छत्री पुण्याला वानवडीत (मृत्यू १७९४). १९२५ ला पॅरिसमध्ये गेलेल्या माधो महाराजांची शिवपुरीला, आई सख्याराजेंच्या छत्रीसमोर.

लक्ष्मीबाईंची फुलबागेतली जागा म्हणजे समाधी; दहन झालेलं, जून १८५८ मध्ये. तिला ‘कबर’ म्हणून प्रोजेक्टात लिहू देऊ नका. क्रम हजिरा, फुलबाग, लष्कर असा ठेवा, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ येता आणि उलटफेरा पडत नाही. डिसेंबरात तानसेन समारोहाचा मंडप आवारात असेल तर निवांत बघणं विसरा.

दगडफूल:
खडू नको, चुना नको, ओलं फडकं तर मुळीच नको. इथला वाळूचा दगड सच्छिद्र आहे, पाणी शोषतो. वाळताना आतले क्षार पृष्ठभागाशी येऊन स्फटिक होतात आणि वरचा पापुद्रा अक्षरांसकट सुटतो. खडू खाचेत जाऊन बसतो, शिवाय तुम्ही भराल तेच अक्षर पुढचा माणूस खरं मानून वाचतो.

उजेड तिरका पाडा, एवढंच तंत्र. तीन मुलं लागतात. एकाने काळ्या छत्रीने दगडावर सावली धरायची. दुसऱ्याने टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून, १०–१५ अंशांत, बाजूने मारायचा. तिसऱ्याने मोबाइल समोरून, दगडाला समांतर धरायचा. फ्लॅश बंद. एक फोटो डावीकडून उजेड, एक उजवीकडून, एक वरून. मोबाइल मात्र तिन्ही वेळा त्याच जागी. एकाच बाजूचा उजेड ठेवलात तर त्या दिशेने जाणारी रेघ दिसतच नाही, आणि फारसीत एक नुक्ता, म्हणजे अक्षराचा ठिपका, हरवला की नाव बदलतं. घरी फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवा.

तिपाई नेऊ नका, पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते.

शंकासुर:
म्हणजे समोरून टॉर्च मारला तर?

दगडफूल:
खाचेत सावलीच पडत नाही. सगळा दगड सपाट, पिवळट पाटीसारखा येतो.

हजिरावाला:
आणि घौसच्या इमारतीत जाळीवर बोट ठेवून फोकस केलात तर आतली कबर काळीकुट्ट येईल. बोट फरशीवर ठेवा. जाळी थोडी पांढरी पडली तरी चालेल.