गूळ म्हणजे औषध नव्हे. साखरेला शिव्या देऊन गूळ विकणं थांबायला हवं

पथ्यपाणी

"साखर म्हणजे पांढरं विष, गूळ म्हणजे अमृत" हे वाक्य आता गुळाच्या चहाच्या टपरीवर, लाडवाच्या डब्यावर, बिस्किटाच्या पुड्यावर, सगळीकडे दिसतं. मला ते धोक्याचं वाटतं. शरीराच्या हिशेबात गूळ ही साखरच आहे.

१०० ग्रॅम साखरेत साधारण ४०० किलोकॅलरी, तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. गुळात ६५ ते ८५ टक्के सुक्रोज, म्हणजे साखरेतलाच घटक. बाकी थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज, पाणी आणि जेमतेम क्षार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. २००० किलोकॅलरीच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. मध आणि गूळ यातून सुटत नाहीत. गूळ कमी गोड लागतो म्हणून चहाच्या एका कपात १० ग्रॅम पडतो. असे चार कप झाले की ४० ग्रॅम चहातच संपले. मधुमेह असलेला माणूस "गुळाचाच आहे" म्हणून हे चार कप निर्धास्त पितो, माझा राग त्यावर आहे.

काहील

आकडे मान्य, निष्कर्ष मान्य नाही. गूळ नुसत्या कॅलरीत मोजलात तर चांगला गूळ आणि भेसळीचा गूळ एकाच रांगेत बसतात, आणि मग चांगला करणाऱ्याला भाव कोण देणार?

तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळावा लागतो. शिळ्या उसात सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतं. मग कितीही आटवा, ढेप धरत नाही, गूळ चिकट राहतो. उसाला शेवटी-शेवटी युरिया जास्त पडला तरी तेच. खारवट जमिनीतला गूळ खारट लागतो आणि पावसाळ्यात पाणी सोडतो. ताजा रस आंबटसर असतो, सामू (पीएच, आंबटपणाचं माप) ५.२ ते ५.४. चुन्याची निवळी घालून तो ६ च्या आसपास आणतात. चुना कमी पडला तर रवा (दाणा) धरत नाही, जास्त झाला तर गूळ काळा पडतो. रानभेंडीची खोडं ठेचून, भिजवून त्यांचा बुळबुळीत रस काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) सोडला की घाण त्यात अडकून हिरवट-काळी मळी वर येते. ती उकळी फुटायच्या आत झाऱ्याने काढायची. एकदा खळाखळा उकळलं की मळी रसात मोडते, मग काही करता येत नाही. (कारखान्यातली मळी वेगळी, साखर काढून उरते ती. नावामुळे गोंधळ होतो.) १०५-१०६ अंशाला काकवी उतरते, ढेपेचा गूळ ११६ ते ११८ ला. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो, काहिलीच्या काठावर मारतो. टणक आवाज आला की काहील उतरवायची. दोन मिनिटं उशीर झाला तर करपट वास गुळात कायमचा बसतो.

ही चव साखरेत नाही. "गूळ ही साखरच" असं सरसकट म्हणू नका.

पांढरा_रवा

चवीबद्दल वाद नाही, पण ग्राहकाला पिवळाधमक गूळ हवा असतो आणि तिथेच सगळं बिघडतं. रंग उजळायला रसात हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट घालतात. बाजारात साखर गुळापेक्षा स्वस्त झाली की काहिलीत सरळ साखरेची पोती रिकामी होतात. म्हणजे "साखर सोडली" म्हणणारा महाग भावाने साखरच खातो.

"साखरेत केमिकल असतं" हेही अर्धवट आहे. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत रस चुना आणि गंधकाच्या धुराने (सल्फर डायऑक्साइडने) निवळतात हे खरं. पण उरलेल्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा साखरेला आणि गुळाला सारखीच आहे, दहा लाख भागांत ७०. कारखान्यात दर पाळीला नमुना तपासला जातो. गुऱ्हाळात कोण तपासतो?

काहील

तपासणी नाही हे मान्य. म्हणून उपाय पिवळेपणाचा हट्ट सोडण्याचा आहे, गूळ सोडण्याचा नाही. बिनरसायनाचा गूळ तपकिरी असतो. हायड्रोसचा गूळ सुरुवातीला देखणा दिसतो आणि ठेवणीत काळवंडतो. घरी चाखून हायड्रोस ओळखता येत नाही, "पाण्यात टाका, लगेच कळेल" वाले व्हिडिओ सोडून द्या. तळाशी पांढरा गाळ बसला तर खडूची भुकटी कळेल, इतकंच. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ढेपेवर नाव लिहून कोणीही विकतो. ओळखीच्या गुऱ्हाळातून घ्या.

निरांजन

लोहाचं काय? बाळंतिणीला, मुलींना गूळ उगाच देतात का? रक्त कमी असलेल्यांनी गूळ-शेंगदाणे खावेत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यालाही तुम्ही खोटं ठरवणार?

पथ्यपाणी

खोटं नाही, अपुरं आहे. जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम गुळात ११ मिलिग्रॅम लोह दिलं होतं, नंतरच्या तपासण्यांत ते अडीच ते पाचच्या दरम्यान आलं. लोखंडी काहील असेल तर आकडा चढतो. ५ धरा. १० ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे. ती गुळाने भागवायची तर अर्धा किलोच्या वर गूळ खावा लागेल. हळिवाचे लाडू, हळिवाची खीर यांतलं लोह मुख्यतः हळिवाचं असतं, नाव मात्र गुळाचं होतं. त्यावर लिंबू पिळलेलं काही खाल्लं तर लोह जास्त लागू पडतं. आणि हिमोग्लोबिन खरंच कमी असेल तर डॉक्टरांची गोळी चुकवू नका.

खडीसाखर

"आपले पूर्वज गूळच खायचे, साखर इंग्रजांनी आणली" हे नेहमी ऐकू येतं, म्हणून लिहिते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी पूर्ण रांग आहे, काकवीपासून शुद्ध खड्यापर्यंत. चरकसंहितेत तर हे पदार्थ जितके निर्मळ तितके थंड, असं म्हटलंय. आयुर्वेद सरसकट गुळाच्या बाजूने नाही. नवा गूळ कफ वाढवणारा आणि जुना पथ्यकर, हा भेदही त्यात आहे. अरबी सुक्करपासून युरोपातले शब्द आले, आणि त्याच्याही मागे आपली शर्करा आहे. पाडव्याची साखरगाठी, साखरपुडा, संक्रांतीचा हलवा ही साखरेची परंपराही आपलीच.

उकड

स्वयंपाकघरातून बघा, दोन्ही लागतात. गुळातलं ग्लुकोज-फ्रुक्टोज ओलावा धरून ठेवतं, म्हणून गुळाची पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. नुसत्या साखरेचं पुरण गार झाल्यावर घट्ट होतं. मोदकाच्या सारणाला दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला एक वाटी चिरलेला गूळ, आणि कडेने सुटू लागलं की लगेच उतरवायचं. जास्त परतलं तर थंड झाल्यावर सारण दगड होतं, कमी परतलं तर पाणी सुटून मोदक फुटतो. चिक्कीला चिक्कीसाठी वेगळा मिळतो तोच गूळ घ्या. साध्या गुळाची चिक्की दातांना चिकटते.

आणि दुधात गूळ घातला की दूध फाटतं, कारण गूळ आंबटसर असतो. खिरीत गॅस बंद करून, दूध कोमट झाल्यावर घाला. तरीही भीती वाटत असेल तर गूळ वेगळ्या पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून मिसळा. गाळल्यावर खाली चिपाडाचे तंतू आणि रेती निघते ती वेगळीच.

निरांजन

पथ्यपाणी, एक विचारायचं राहिलं. जुलाबात घरी पाणी करताना साखरेऐवजी गूळ चालेल का?

पथ्यपाणी

ओआरएसची पुडी मिळत असेल तर तीच वापरा. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. इथे साखरच घ्या. गुळाच्या प्रत्येक ढेपेत पाणी आणि क्षार कमी-जास्त असतात, खडा चमच्याने मोजता येत नाही, आणि गोड जास्त झालं की जुलाब वाढतात.